केन्स हरला, की बाजूला सारला गेला? पीटर हॉल यांचा पेपर वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : "१९७०च्या दशकात केन्सवादी अर्थशास्त्र अपयशी ठरलं आणि सरकारांनी ते सोडून दिलं." लिहिताना मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. हाताशी असलेल्या पाठ्यपुस्तकांत थोड्याफार फरकाने तेच होतं. सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी त्या वाक्यातल्या 'आणि'भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यामुळे दुसरं घडलं, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं म्हणायचं नाही, हे मी स्वतः बी.एस्सी.च्या मुलांना शिकवत होते. आणि तरी इतिहासाबद्दल लिहिताना तीच चूक बिनदिक्कत करून बसले होते.

उत्तर शोधताना जो पेपर सगळ्यात जास्त उपयोगी पडला, आणि ज्याच्याशी मी सगळ्यात जास्त भांडले, त्याबद्दल आज लिहिते आहे. पीटर हॉल या राज्यशास्त्रज्ञांचा 'पॉलिसी पॅराडाइम्स, सोशल लर्निंग, अँड द स्टेट' हा पेपर १९९३ साली 'कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स' या नियतकालिकात आला. १९७० ते १९८९ या काळात ब्रिटनचं आर्थिक धोरण केन्सवादाकडून चलनवादाकडे कसं गेलं, हा त्याचा विषय. तुम्ही अर्थशास्त्राचे नसलात तरी वाचा. "अमुक विचार मागे पडला" असं विधान आपण सगळेच आपापल्या विषयात करत असतो. ते करण्याआधी काय काय तपासावं लागतं, याचा हा चांगला नमुना आहे. आणि कुठे कमी पडतो, तेही शिकण्यासारखं आहे.

थोडी पार्श्वभूमी

केन्स यांचा 'जनरल थिअरी' हा ग्रंथ १९३६चा. धोरणाच्या दृष्टीने त्यातला गाभा असा : लोक आणि कंपन्या खर्च आखडता घेतात तेव्हा एकूण मागणी घटते, रोजगार जातात, आणि हे आपोआप भरून येईलच अशी खात्री नसते. अशा वेळी सरकारने स्वतः खर्च वाढवून किंवा कर कमी करून ती मागणी भरून काढावी, त्यासाठी तूट आली तरी चालेल. तेजी आली की उलट करावं, हात आवरावा. (हा दुसरा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात.)

१९४४ साली ब्रिटनच्या युद्धकालीन संयुक्त सरकारने एका श्वेतपत्रिकेत रोजगाराची पातळी उंच आणि स्थिर ठेवणं ही सरकारची जबाबदारी मानली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या विमाधारक कामगारांतली बेरोजगारी बहुतेक वर्षं १० टक्क्यांच्या वर होती. युद्धानंतरची पंचवीस वर्षं ती बहुतांश काळ ३ टक्क्यांच्या खाली राहिली.

मग १९७३-७४मध्ये तेलाच्या किमती जवळपास चौपट झाल्या. १९७५मध्ये ब्रिटनमधली वार्षिक महागाई २४ टक्क्यांवर गेली. त्याच काळात बेरोजगारांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. महागाई आणि बेरोजगारी दोन्ही एकदम वाढत होत्या. खर्च वाढवावा तर महागाई भडकणार, आवरावा तर बेरोजगारी वाढणार. सप्टेंबर १९७६मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात सांगून टाकलं, की खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडण्याचा मार्ग आता उरलेला नाही. त्याच आठवड्यात सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज मागितलं. मे १९७९मध्ये मार्गारेट थॅचर आल्या. १९८२च्या सुरुवातीला बेरोजगारांचा आकडा तीस लाखांपुढे गेला, आणि तेवढ्यावरून सरकारने धोरण बदललं नाही.

शेवटचं वाक्य परत वाचा. १९६०च्या दशकातलं कोणतंही ब्रिटिश सरकार या आकड्याने हादरून गेलं असतं. 'केन्सवादाची पीछेहाट' म्हणतात ती हीच. तीस लाख बेरोजगार हे धोरण बदलण्याचं कारण उरलं नाही. म्हणून हा वाद निव्वळ पुस्तकी नाही.

हॉल काय म्हणतात

'धोरण बदललं' हे एक वाक्य हॉल तीन पातळ्यांत फोडतात. डॉक्टरचं उदाहरण घेऊन सांगते. (उदाहरण माझं आहे, हॉल यांचं नाही.)

पहिली पातळी : औषध तेच, डोस बदलला. म्हणजे दरवर्षीच्या अर्थसंकल्पात कर थोडा कमी-जास्त करणं किंवा व्याजदर वरखाली करणं.

दुसरी पातळी : औषध बदललं, पण आजार कोणता बरा करायचा ते तेच. उदाहरणार्थ, १९७१मध्ये बँकांच्या पतपुरवठ्यावर नियंत्रण ठेवण्याची पद्धत बदलली. १९७६मध्ये सरकारी खात्यांच्या खर्चावर रोख रकमेची मर्यादा घातली गेली.

तिसरी पातळी : कोणता आजार आधी बरा करायचा, हेच बदललं. पूर्वी रोजगार पहिला होता, आता महागाई पहिली. त्यासोबत अर्थव्यवस्था चालते कशी याबद्दलची समजही बदलली. ही तिसरी पातळी म्हणजे हॉल यांच्या भाषेत पॅराडाइम बदलणं. शब्द अर्थातच थॉमस कून यांच्या विज्ञानेतिहासातून घेतलेला.

पुढचा दावा जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन पातळ्यांवरचे बदल मुख्यतः अधिकारी आणि तज्ज्ञ आपसांत, अनुभवातून शिकून करतात. तिसऱ्या पातळीवर मात्र प्रत्येक पॅराडाइम आकड्यांचा अर्थ आपापल्या परीने लावत असतो, त्यामुळे नुसत्या पुराव्याने निकाल लागत नाही. मग प्रश्न उरतो, कोणत्या तज्ज्ञांवर विश्वास ठेवायचा? आणि तो प्रश्न राजकीय असतो. वित्तखात्याचे अंदाज चुकत गेले, त्यांचा अधिकार खालावला, वर्तमानपत्रांत आणि लंडनच्या वित्तबाजारात नव्या कल्पनांची देवाणघेवाण सुरू झाली, आणि अखेर निवडणुकीने निकाल लावला.

पेपरचं बळ कुठे आहे

सरांच्या 'आणि'वरच्या प्रश्नाला इथे पहिलं खरं उत्तर मिळतं. 'केन्सवाद सोडला' म्हणजे नेमकं काय सोडलं? तूट सोडली? नाही, तुटीचे अर्थसंकल्प पुढेही आले. कर बदलून मागणी हलवणं सोडलं? तेही पूर्णपणे नाही. रोजगाराचा पहिला क्रमांक सोडला. तुमच्या पीछेहाटीच्या विधानात कोणती पातळी अभिप्रेत आहे, हे सांगायला हा पेपर तुम्हाला भाग पाडतो.

याचा उत्तम पुरावा १९८४चा आहे. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी त्या वर्षी मेस व्याख्यानात सरळ सांगितलं, की अर्थसंकल्प आणि व्याजदर यांसारखी व्यापक धोरणं महागाई आवरण्यासाठी, आणि वाढ व रोजगार यांसाठी बाजारातले अडथळे दूर करणारी छोटी-छोटी धोरणं. युद्धोत्तर काळातली कामाची वाटणी नेमकी उलटी होती. म्हणजे खुद्द अर्थमंत्री तिसऱ्या पातळीची व्याख्याच वाचून दाखवत होते.

वर्तमानपत्रांचा मुद्दाही बळकट आहे. कॅलहन यांच्या त्या भाषणातला गाजलेला भाग लिहिण्यात पीटर जे यांचा हात होता. ते 'द टाइम्स'चे अर्थविषयक संपादक, आणि कॅलहन यांचे जावई. पत्रकाराच्या लेखणीतून पंतप्रधानांच्या तोंडी विचार कसा पोचतो, याचं यापेक्षा थेट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता भांडणं.

पहिलं भांडण : तारखेचं

हॉल यांच्या मांडणीत तिसऱ्या पातळीचा बदल थॅचर यांच्यासोबत येतो. मजूर सरकारने त्याआधी केलेली तडजोड म्हणजे नाइलाजाने केलेली डागडुजी. पण घटनाक्रम पाहा. एप्रिल १९७५मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी बेरोजगारी वाढत असतानाच खर्च आवरणारा अर्थसंकल्प मांडला. १९७६च्या उन्हाळ्यात चलनपुरवठ्याच्या वाढीचा आकडा जाहीर केला. मग कॅलहन यांचं भाषण. कृतीने पाहिलं तर महागाई पहिल्या क्रमांकावर १९७९च्या आधीच गेली होती.

मग हा विश्वास बदलला होता, की दबाव होता? वर्तन पाहून हे कळत नाही. दोन्हींत वर्तन सारखंच दिसतं. संख्याशास्त्राच्या भाषेत, उपलब्ध माहितीतून ही दोन कारणं वेगळी ओळखताच येत नाहीत. वेगळी करायची तर बंद दाराआड कोण काय म्हणत होतं ते पाहावं लागतं. हॉल लिहीत होते तेव्हा १९७६ची मंत्रिमंडळाची कागदपत्रं तीस वर्षांच्या नियमाखाली बंद होती. आता ती खुली आहेत, आणि त्या काळच्या मंत्र्यांच्या दैनंदिन्या नि आत्मचरित्रंही आहेत.

त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९७६मध्ये नाणेनिधीच्या अटींवर मंत्रिमंडळाच्या बैठकांवर बैठका झाल्या. परराष्ट्रमंत्री टोनी क्रॉसलंड यांचं म्हणणं होतं, की एवढी बेरोजगारी असताना कपातीला आर्थिक आधार नाही, कपातीने मागणी आणखी घटेल. हा शुद्ध केन्सवादी युक्तिवाद. टोनी बेन आयातीवर निर्बंध घालण्याचा वेगळाच मार्ग मांडत होते. शेवटी क्रॉसलंड यांनी माघार घेतली. आर्थिक युक्तिवाद आपल्याला पटलेला नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण पंतप्रधानांचा पराभव झाला तर बाजाराचा उरलासुरला विश्वासही जाईल आणि सरकार कोसळेल, म्हणून त्यांनी पाठिंबा दिला. १९७७-७८साठी १ अब्ज आणि १९७८-७९साठी १.५ अब्ज पौंडांची कपात ठरली.

इथे केन्सवादी युक्तिवाद खोडला गेला नाही, तो मांडणाऱ्याने खाली ठेवला. 'शिकणं' हा हॉल यांच्या पेपरच्या शीर्षकातला शब्द आहे. क्रॉसलंड काय शिकले? फार तर एवढंच, की कर्ज देणारा समोर असताना आपला युक्तिवाद बरोबर असून पुरत नाही. याला शिकणं म्हणायचं की शरण जाणं, हे पेपरने स्पष्ट करायला हवं होतं.

दुसरं भांडण : विसंगती मोजली कुणी?

कून यांच्या मांडणीत जुना पॅराडाइम विसंगती साचत गेल्यामुळे ढासळतो. हॉलही तसंच म्हणतात. पण विसंगती म्हणजे आकडेच की. ते आकडे कसे होते?

१९७६च्या सुरुवातीला गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी भाषणात इशारा दिला, की सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या घरात गेला आहे. आकडा गाजला. नंतर मोजण्याची व्याख्या इतर देशांच्या जवळ आणली, आणि तेच प्रमाण ६०वरून ४६ टक्क्यांवर आलं, असं हीली यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. खर्चाचा एक पौंडही न कापता!

तुटीचंही तसंच. १९७६-७७साठी सरकारला किती कर्ज काढावं लागेल, याचा वित्तखात्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे दोन अब्ज पौंडांनी जास्त निघाला. आकडे वेळेत बरोबर कळले असते तर नाणेनिधीकडे जावंच लागलं नसतं, असं हीली नंतर म्हणाले. अर्थात स्वतःच्या निर्णयाबद्दल मागे वळून बोलणाऱ्या मंत्र्याची साक्ष आहे ही, मिठाच्या चिमटीसह घ्या. तरी मुद्दा उरतोच. ज्या आकड्यांवरून 'जुनं धोरण कोलमडलं' असं ठरवलं गेलं, त्यांतले काही आकडे मोजमापाच्या चुकीचे होते.

विसंगतीची दुसरी बाजू सिद्धांताची. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी : विल्यम फिलिप्स यांनी १९५८मध्ये बेरोजगारी आणि मजुरीवाढ यांचा उलटा संबंध दाखवला. केन्सवाद्यांनी तो मेनूकार्डसारखा वापरला, थोडी महागाई घ्या, थोडी बेरोजगारी कमी करा. मिल्टन फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७च्या भाषणात हा संबंध टिकणार नाही असं सांगितलं. सत्तरच्या दशकाने त्यांना खरं ठरवलं. गोष्ट सुबक आहे, परीक्षेत पूर्ण गुण मिळतात.

पण केन्स वारले १९४६मध्ये. फिलिप्स यांची वक्ररेषा त्यांच्या सिद्धांतात नव्हतीच. ती मेनूसारखी वापरायला सांगितल्याचा ठपका ज्या पेपरवर ठेवतात, त्या सॅम्युएलसन आणि सोलो यांच्या १९६०च्या पेपरमध्येच ती रेषा काळानुसार सरकू शकते असा इशारा आहे. जेम्स फोर्डर यांनी २०१४मध्ये याच विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि जुने पेपर एकेक वाचून ही मेनूची गोष्ट बऱ्याच अंशी मागाहून रचलेली आहे असा दावा केला. फोर्डर यांचं सगळं मान्य करा असं मी म्हणत नाही. पण मूळ पेपर न उघडता पाठ्यपुस्तकातला त्याचा सारांश उद्धृत करू नका, एवढं तर आपण यातून घेऊच शकतो. मी सॅम्युएलसन-सोलो सिनॉप्सिसमध्ये उद्धृत केला होता. उघडला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय देऊ. केन्सवादाच्या अपयशाबद्दल आपण इतके प्रश्न विचारतो, तर यशाबद्दलही विचारायला हवेत. रॉबिन मॅथ्यूज यांनी १९६८मध्येच 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये प्रश्न टाकला होता, की युद्धानंतर ब्रिटनमध्ये पूर्ण रोजगार का होता? त्यांचं उत्तर केन्सवाद्यांना आवडणारं नव्हतं. सरकार मोठी तूट करून मागणी वाढवत नव्हतं, उलट बचतच करत होतं. रोजगाराचं मोठं कारण खासगी गुंतवणुकीतली तेजी होती. हे खरं असेल, तर ज्या धोरणाला सत्तरच्या दशकातल्या पडझडीचा दोष दिला, त्याला आधीच्या पंचवीस वर्षांचं श्रेयही पूर्णपणे देता येत नाही. तुमच्या आवडत्या बाजूला एक कसोटी आणि नावडत्या बाजूला दुसरी, असं संशोधनात चालत नाही.

तिसरं भांडण : तोच नियम चलनवादाला लावा

समजा, अंदाज चुकल्यामुळे पॅराडाइम पडतो. मग चलनवादाचं काय झालं? थॅचर सरकारने मार्च १९८०मध्ये चलनपुरवठ्याच्या वाढीसाठी ७ ते ११ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. पहिल्याच वर्षी चलनपुरवठा वरची मर्यादा ओलांडून कितीतरी पुढे गेला. आणि तरी महागाई उतरत गेली, १९८३मध्ये ती ५ टक्क्यांच्या खाली होती. चलनपुरवठा वाढला की महागाई वाढते असं म्हणणाऱ्या सिद्धांतासाठी ही चांगलीच विसंगती. महाग पौंड, चढे व्याजदर आणि प्रचंड बेरोजगारी यांनी मागणी चेपली म्हणून महागाई उतरली, हे स्पष्टीकरण तर कोणत्याही केन्सवाद्याला सहज देता आलं असतं! दशकाच्या मध्यापर्यंत सरकारने ते लक्ष्य गुंडाळूनही ठेवलं.

मार्च १९८१चा प्रसंग तर प्रसिद्ध आहे. मंदी असताना कर वाढवणारा अर्थसंकल्प आला, आणि ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी 'द टाइम्स'मधल्या पत्रात त्या धोरणाला सैद्धांतिक आधार नाही असं लिहिलं. त्याच वर्षी उत्पादन सावरू लागलं, म्हणून थॅचर समर्थक आजही त्या पत्राची टिंगल करतात. पण बेरोजगारी १९८६पर्यंत वाढतच राहिली, म्हणून पत्राच्या बाजूचे लोक आपलं बरोबर होतं असं म्हणतात. घटना एक, निकाल दोन. उत्पादन पाहायचं की रोजगार, हे आधी ठरवल्याशिवाय कोण जिंकलं ते सांगताच येत नाही. आणि नेमकं तेच ठरवण्यावरून तर भांडण होतं.

इथे मला मान्य करावं लागतं, की हे माझं भांडण शेवटी हॉल यांच्याच बाजूला जाऊन बसतं. चलनलक्ष्य गेलं, तरी रोजगाराचा पहिला क्रमांक परत आला नाही. म्हणजे औषध बदललं, आजारांचा क्रम तोच राहिला. तीन पातळ्या वेगळ्या केल्या नसत्या तर हे दिसलंच नसतं. माझा आक्षेप एवढाच उरतो, की 'विसंगतीमुळे पडला' हा भाग कून यांच्याकडून उसना घेतलेला आहे आणि तो पुराव्यावर नीट बसत नाही. 'कुणाचं ऐकायचं हे राजकारणाने ठरवलं' हा भाग बसतो.

चौथं भांडण : एकच देश

तेलाचा धक्का सगळ्यांनाच बसला होता. स्वीडनने बेरोजगारी संपूर्ण ऐंशीच्या दशकात ४ टक्क्यांच्या खाली ठेवली. तिथली पडझड नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बँकांच्या संकटासोबत आली. पश्चिम जर्मनीत मागणी सांभाळण्याचं केन्सवादी धोरण कायद्यात आलं तेच मुळी १९६७मध्ये, आणि बुंडेसबँकेने १९७५साठी चलनवाढीचं लक्ष्य जाहीर केलं तेव्हा सत्तेवर सोशल डेमोक्रॅट होते. कुठे थॅचर नव्हत्या, कुठे नाणेनिधी नव्हता.

धक्का सारखा आणि परिणाम वेगळे, याचा अर्थ धक्का हे पुरेसं कारण नाही. कामगार संघटना, मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता, परकीय कर्जाची गरज यांनी फरक पडला असणार. हॉल यांना हे माहीत नव्हतं असं नाही. केन्सवाद देशोदेशी कसा पसरला यावर त्यांनीच १९८९मध्ये एक ग्रंथ संपादित केला होता. पण १९९३च्या पेपरमधली पायऱ्यांची मांडणी लोकांनी सार्वत्रिक नियमासारखी उचलली, आणि एका देशावरून काढलेल्या नियमाला जी सावधगिरी लागते ती गाळून टाकली. यात दोष जितका पेपरचा, तितकाच तो उद्धृत करणाऱ्यांचा.

आपल्याकडे लावण्याआधी

तुमच्यापैकी काही जण आता '१९९१ आणि भारतातला केन्सवादाचा अंत' असा विषय मनात घोळवत असतील. जरा थांबा. १९९१मध्ये आपण जे मोडायला घेतलं ते परवाने आणि नियोजन. मागणी सांभाळण्याचं केन्सवादी धोरण ही वेगळी गोष्ट. केंब्रिजमध्ये शिकलेले व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२मध्येच लिहून ठेवलं होतं, की शेतीप्रधान देशात, छुपी बेरोजगारी असताना, केन्स यांचा गुणक त्यांनी सांगितला तसा चालत नाही. तिथे वाढीव खर्चाने उत्पादन वाढण्याऐवजी किमतीच जास्त वाढतात. म्हणजे इथे मुळात काय होतं, हे आधी ठरवा. मगच ते गेलं का, हे विचारा. वित्तीय तुटीला ३ टक्क्यांची मर्यादा घालू पाहणारा २००३चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा हा कदाचित जास्त बरा धागा आहे. तो कोणत्या पातळीवरचा बदल होता, हे तपासण्यासारखं आहे.

'केन्स परत आला' या बातमीलाही हीच कसोटी लावा. डिसेंबर २००८मध्ये ब्रिटनने मागणी वाढवण्यासाठी मूल्यवर्धित कर १७.५वरून १५ टक्क्यांवर आणला. डोस केन्सवादी होता. पण २०१०मध्ये नवं सरकार आलं आणि बेरोजगारी चढीच असताना तूट कमी करणं पहिल्या क्रमांकावर गेलं. औषधाची बाटली कपाटातून निघाली आणि परत कपाटात गेली. आजारांचा क्रम बदलला नव्हता.

मग माझ्या वाक्याचं काय झालं

सिनॉप्सिसमध्ये आता असं आहे : "१९७५ ते १९८४ या काळात ब्रिटनच्या आर्थिक धोरणात पूर्ण रोजगाराचा अग्रक्रम जाऊन महागाई नियंत्रणाचा अग्रक्रम आला. या बदलाची सुरुवात कर्जबाजाराच्या आणि नाणेनिधीच्या दबावाखाली झाली आणि १९७९नंतर तो राजकीय विश्वास म्हणून रुजला. केन्सवादी सिद्धांत पुराव्याने खोटा ठरला का, हा वेगळा प्रश्न असून त्याचं उत्तर या बदलातून मिळत नाही."

एका ओळीच्या तीन ओळी झाल्या. देश आला, वर्षं आली, दावा लहान झाला. तुमच्या मसुद्यात 'अपयशी ठरला', 'कालबाह्य झाला', 'मागे पडला' असे शब्द असतील तर त्यांच्यापुढे पेन्सिलीने चार प्रश्न लिहून ठेवा : कोणत्या पातळीवर? कुणी मोजलं? हीच कसोटी दुसऱ्या बाजूला लावली तर काय होईल? आणि दुसरीकडे कुठे असंच घडलं का?

नवा मसुदा मी त्याच समितीपुढे ठेवला. सरांनी वाचला, पेन्सिल काढली, आणि या वेळी 'विश्वास' या शब्दाभोवती गोल केला. "हा कसा मोजणार?" सध्या त्यावर काम चालू आहे.